उजेड आत, ऊन बाहेर: घराचा आराखडा मोकळ्या जागेपासून सुरू करा

नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या कडेच्या कुठल्याही नव्या वसाहतीत भर दुपारी एक फेरी मारून बघा. हौसेने, कर्ज काढून बांधलेले दोन मजली बंगले, आणि आत जिन्यात, पॅसेजमध्ये, कधीकधी स्वयंपाकघरातसुद्धा दिवे लागलेले. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची बेडरूम मात्र संध्याकाळी इतकी तापलेली की एसी लावल्याशिवाय तिथे बसवत नाही. जिथे उजेड हवा होता तिथे तो पोचला नाही आणि जिथे ऊन नको होतं तिथे ते ठाण मांडून बसलं. घराभोवती चार-पाच फुटांची पट्टी असते, तीही पेव्हर ब्लॉकने झाकलेली. कोपऱ्यात कुंडीतली तुळस.

ही घरं बांधणाऱ्यांना झाडं किंवा मोकळी हवा आवडत नाही असं अजिबात नाही. गोम आहे ती आराखडा ज्या क्रमाने तयार होतो त्यात. आधी खोल्यांची यादी होते: हॉल, किचन, तीन बेडरूम, देवघर, पार्किंग. त्या सगळ्या बसवून झाल्या की उरेल ती मोकळी जागा. मला वाटतं, हा क्रम उलटा करायला हवा. प्लॉटवर कुठली जागा उघडी ठेवायची हे पहिल्यांदा ठरवावं आणि खोल्या तिच्या कडेने बसवाव्यात. खर्च फारसा वाढत नाही, राहण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हे का, ते समजून घ्यायला सूर्यापासून सुरुवात करावी लागेल.

आपल्या डोक्यावरचा सूर्य

कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं. त्यामुळे अख्खा महाराष्ट्र आणि गोवा अशा पट्ट्यात येतो, जिथे वर्षातून दोनदा सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर असतो. तोच शून्य सावलीचा दिवस. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यावर, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसऱ्यांदा येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, पण तेव्हा बहुतेक ढग असतात.

घराबद्दलचे निम्मे निर्णय या एका गोष्टीतून निघतात. पुण्याचं उदाहरण घेऊ. डिसेंबर अखेरीस दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. २१ मार्चच्या सुमारास तो ७१-७२ अंशांवर चढतो, मेच्या मध्यावर ९० अंशांवर पोचतो आणि जूनमध्ये किंचित उत्तरेला झुकतो. प्लॉटवर एक मीटरची काठी सरळ रोवली, तर डिसेंबरच्या दुपारी तिची सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडेल, मार्चमध्ये ३३ सेंटिमीटर आणि मेच्या मध्यावर शून्य.

आता दक्षिणेच्या भिंतीत चार फूट उंचीची खिडकी आहे आणि तिच्या डोक्यावर दोन फुटी छज्जा आहे असं धरा. डिसेंबरात दुपारी छज्ज्याची सावली खिडकीवर साधारण सव्वादोन फूट उतरते. खालच्या भागातून कोवळं ऊन घरात येतं. मार्च संपताना तीच सावली सहा फुटांहून लांब झालेली असते, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. थंडीत ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर, आणि हे सगळं एका साध्या छज्ज्यावर. दक्षिणेची खिडकी अनेक घरांत मुद्दाम टाळतात. पण उन्हावर सर्वांत सहज ताबा ठेवता येतो तो याच दिशेला.

खरा प्रश्न पश्चिमेचा आहे. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य २७ अंशांच्या आसपास असतो, जवळजवळ समोरून मारा करतो. तिथे दोन फुटी छज्ज्याची सावली जेमतेम एक फूट पडते. खिडकी राहू द्या, भिंतसुद्धा तापते. नऊ इंची विटेची भिंत दुपारभर खाल्लेलं ऊन काही तासांनी आत सोडते, म्हणजे नेमकं निजायच्या वेळी. वास्तुशास्त्र मानणारी मंडळी घरच्या कर्त्या माणसाची खोली नैऋत्येला मागतात. श्रद्धेचा मान ठेवूनच सांगतो, उन्हाच्या हिशेबात ही घरातली सर्वांत तापणारी जागा. ती तिथेच हवी असेल तर पश्चिमेच्या भिंतीला पूर्ण लांबीचं कपाट लावा, खिडकी दक्षिणेला घ्या आणि भिंतीबाहेर झाडाची सावली मिळेल अशी सोय करा. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली आणता आली तर सोन्याहून पिवळं. ऊन त्या खोल्या झेलतात, माणसं नाही.

पूर्वेचं ऊनही समोरूनच येतं, पण तेव्हा घर रात्रभर निवलेलं असतं, म्हणून ते सोसवतं. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा आणि शांत. लिहिण्या-वाचण्याची, शिवणाची जागा तिकडे छान होते.

आणि छत. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने सर्वांत जास्त ऊन गच्ची खाते, कुठलीही भिंत नाही. म्हणून हॉलच्या मधोमध छताला आडवी काच बसवून ‘स्कायलाइट’ करण्याची जी हौस आली आहे ती मला आपल्याकडे चुकीची वाटते. मेच्या दुपारी ती काच म्हणजे थेट सूर्याला दिलेलं आमंत्रण. वरून उजेड घ्यायचाच असेल तर छताचा एक भाग दीड-दोन फूट उचलावा आणि त्या उभ्या फटीत उत्तरेकडे तोंड करून खिडकी बसवावी. मे-जूनच्या दुपारी सूर्य इतका वर असतो की सहा इंचांची पुढे आलेली पट्टीसुद्धा ती काच सावलीत ठेवते.

परदेशी मासिकांतली घरं पाहून काचेची मोठी भिंत मागणारे खूप असतात. ती घरं बहुधा थंड मुलखातली असतात, तिथे ऊन आत कोंडून ठेवायचं असतं. आपल्याला ते बाहेर अडवायचं आहे. आणि अडवायचं तर काचेच्या बाहेर. आतला पडदा ओढला की डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन तोवर घरात शिरून पडदा तापवून बसलेलं असतं. बाहेरून सोडलेली बांबूची चीक किंवा वाळ्याचा पडदा म्हणूनच जास्त कामाचा.

खिडकीतून उजेड किती लांब जातो

साधा ठोकताळा असा: खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत चांगला उजेड पोचतो. आपल्याकडे लिंटेल, म्हणजे खिडकी-दारावरची आडवी तुळई, सात फुटांवर असते, म्हणजे चौदा ते सतरा फूट. त्यापलीकडे दिवा लावावा लागणार. खिडकी रुंद करून हे अंतर वाढत नाही, उंच करून वाढतं. जुन्या घरांत वर वेगळे झरोके असत, ते यासाठीच. शिवाय वर साठलेली गरम हवा तिथून निघून जाई.

खिडक्यांच्या क्षेत्राबद्दल राष्ट्रीय इमारत संहितेत हवामानानुसार प्रमाण दिलेलं आहे. कोरड्या उष्ण भागात खोलीच्या क्षेत्राच्या एक दशांश, दमट उष्ण भागात एक षष्ठांश. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला विदर्भात किमान १२ चौरस फूट आणि कोकणात २० चौरस फूट. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी घेतली तरी वाऱ्यासाठी ती अर्धीच उघडते. बिजागरीची जुन्या पद्धतीची खिडकी पूर्ण उघडते. शक्य असेल तिथे मी बिजागरीचीच सुचवतो.

एकाच भिंतीत प्रचंड खिडकी असेल तर खोली उजळण्याऐवजी काळोखी भासते, कारण डोळे त्या झगमगाटाला सरावतात आणि बाकीची खोली अंधारी दिसू लागते. त्यापेक्षा दोन वेगवेगळ्या भिंतींत मध्यम खिडक्या असल्या की सावल्या सौम्य होतात, माणसांचे चेहरे नीट दिसतात आणि वाराही एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर जातो. वाऱ्याला आत यायची वाट जेवढी लागते तेवढीच बाहेर जायचीही लागते. एकच खिडकी असलेली खोली कितीही मोठी असो, कोंदटच राहते.

पण प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी बाहेर कसं मिळणार? चौकोनी ठोकळ्यासारखं घर बांधलं तर फक्त कोपऱ्यातल्या खोल्यांना मिळतं. मधला भाग अंधारातच राहतो. इथे आपल्या जुन्या वाड्यांनी काढलेली वाट उपयोगी पडते.

चौकाचं शास्त्र

पुण्यात विश्रामबागवाडा आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. वाड्याची बांधणी तिथे समजते: रस्त्याकडून बंदिस्त, आत मात्र आभाळाला उघडा चौक आणि त्याच्या भोवती लाकडी खांबांची पडवी. गावोगावच्या लहान वाड्यांतही हेच, फक्त माप कमी. उजेड चौकातून यायचा, पडवीत तो निवायचा आणि मग माजघरात शिरायचा.

चौक गारवा कसा देतो, हेही समजण्यासारखं आहे. रात्री चौकाची फरशी आणि भिंती दिवसाची उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत निवत जातात. थंड हवा जड असते, ती तळाशी साठते आणि भोवतालच्या खोल्यांत झिरपते. सकाळी सूर्य वर येईपर्यंत चारही बाजूंच्या भिंती चौकावर सावली धरतात. दुपारी चौकातली हवा तापून वर निघाली की तिच्या जागी खोल्यांमधली हवा ओढली जाते आणि घरात मंद झुळूक चालू राहते. हे चक्र देशावर, मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात उत्तम चालतं, कारण तिथे हवा कोरडी आणि रात्र बऱ्यापैकी गार.

कोकण आणि गोव्याची गोष्ट निराळी. तिथे उन्हाळ्यात रात्रही दमट आणि उबदार, म्हणून भिस्त वाहत्या वाऱ्यावर. उतरतं कौलारू छप्पर, खाली आलेली पागोळी, भोवती पडवी, समोर खळं. गोव्यातल्या मोठ्या हिंदू घरांत मधोमध राजांगण, म्हणजे आतला उघडा चौक असतो, ख्रिस्ती घरांना पुढे बाल्कांव, म्हणजे बाकं असलेली ओटी. तिथल्या जुन्या खिडक्यांत काचेच्या जागी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या दिसतात. त्यातून उजेड येतो, पण डोळे दिपत नाहीत. समुद्रकाठच्या लख्ख उन्हासाठी याहून नेमका उपाय मला माहीत नाही.

म्हणून ‘आम्हाला वाड्यासारखा चौक हवा’ एवढं सांगून भागत नाही. चौकाचं माप भिंतींच्या उंचीवर ठरतं. दोन मजली, वीस फूट उंच घरात चार फुटांचा चौक म्हणजे निव्वळ डक्ट, पाइपांसाठी सोडतात तशी अरुंद पोकळी. तळापर्यंत उजेड उतरत नाही. फार मोठा केला तर भिंतींची सावली पडत नाही आणि फरशी तव्यासारखी तापते. आठ-दहा फूट हे लहान घराला मानवणारं माप. आणि चौकावर सरसकट काच टाकून तो ‘बंद’ करू नका. गरम हवा तिथेच कोंडते आणि ज्यासाठी चौक केला तेच नाहीसं होतं. पावसाची फारच धास्ती असेल तर छप्पर भिंतीपासून दीड-दोन फूट उचलून घ्यावं आणि बाजूंनी जाळी ठेवावी.

३० बाय ४० चा प्लॉट

हे सगळं मोठ्या जागेवर ठीक आहे, आमच्या बाराशे फुटांत काय होणार, असं लगेच विचारलं जातं. चला, तोच प्लॉट घेऊ. पश्चिमेला रस्ता, ३० फूट रुंदी, ४० फूट खोली. सामासिक अंतरं, म्हणजे नियमाप्रमाणे चारही कडांना मोकळी सोडायची जागा, सोडून बांधायला समजा २० बाय २५ फूट उरले. नेमके आकडे प्लॉटच्या क्षेत्रावर, रस्त्याच्या रुंदीवर आणि तिथल्या नियमावलीवर ठरतात. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि तिच्यातल्या तरतुदी तुमचा आर्किटेक्ट सांगेल.

नेहमीची पद्धत अशी की पाचशे चौरस फुटांचा पूर्ण आयत भरायचा, जिना मध्ये टाकायचा, त्याच्यापुढे पॅसेज. तो पॅसेज आयुष्यभर अंधारा राहणार.

त्याऐवजी दक्षिणेच्या बाजूला, मधोमध, सहा फूट खोल आणि आठ फूट लांब खाच घ्या. गेले किती? ४८ चौरस फूट, दहा टक्क्यांहूनही कमी. पण ही खाच बाजूच्या पाच फुटांच्या अंतराला जोडली की ११ बाय ८ फुटांचं अंगण तयार होतं. चारही बाजूंनी बंद नाही, चौथी बाजू उघडी. ज्या खोलीचा उजेड-वारा पूर्णपणे आतल्या बंद चौकावर अवलंबून असतो, त्या चौकाला नियमावलीत किमान माप लागतं आणि लहान प्लॉटवर ते बसणं कठीण; म्हणून ही बाजूची खाच. पूर्वेकडे, आग्नेय कोपऱ्यात स्वयंपाकघर येतं आणि त्याला सकाळचं ऊनही मिळतं नि खाचेकडची खिडकीही. खाचेच्या पोटाशी जेवणाचं टेबल. वरच्या मजल्यावर दोन्ही बेडरूमना दुसरी खिडकी मिळाली. पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि पुढे पाच फुटी ओटी. जिना गच्चीवर जिथे निघतो त्या छोट्या खोलीला वरच्या बाजूला उघडझाप होणारे झरोके ठेवा. साऱ्या घरातली गरम हवा जिन्यातून वर चढून तिथून बाहेर पडेल.

खर्चाचं खरं खरं सांगायचं तर भिंतीची लांबी थोडी वाढते. स्लॅब मात्र तेवढाच कमी होतो.

पाया खणण्याआधी चुन्याच्या फक्कीने आखणी होते, त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी प्लॉटवर जावं. कागदावर ११ बाय ८ म्हणजे काही कळत नाही. जमिनीवर फक्कीची रेघ पडली, तिच्या आत खुर्ची टाकून बसलं की कळतं. दुपारी चार वाजता ऊन कुठून येतंय, शेजारच्या इमारतीची सावली कुठवर पोचते, कुणाच्या खिडकीतून आपलं अंगण दिसतं, हे तिथेच उमगतं. अशाच एका आखणीच्या वेळी घरातल्या आजींनी विचारलं होतं, ‘कुरडया कुठं घालायच्या मी?’ प्रश्न अगदी रास्त होता. वाळवणाला कडक ऊन लागतं, बसायला सावली लागते. एका जागेवर दोन्ही होत नाही. खाच सावलीची ठेवली आणि वाळवणासाठी गच्चीला स्वयंपाकघरापासून सोपा जिना दिला. मोकळी जागा नुसती ‘असावी’ म्हणून ठेवली की तिथे वर्षभरात जुनी सायकल आणि सिंटेक्सची टाकी येऊन बसते. तिथे कोण, कधी, काय करणार हे ठरलेलं असेल तर ती जागा टिकते.

भीती खऱ्या असतात, त्या उडवून लावू नयेत. पाणी घरात येऊ नये म्हणून अंगणाची फरशी घरापेक्षा सहा इंच खाली ठेवा आणि उतार बाहेरच्या बाजूला द्या. पाणी जायला एक नाही, दोन वाटा ठेवा, कारण पहिल्याच पावसात एक पानांनी तुंबते. चोरांसाठी पहिल्या स्लॅबच्या पातळीला लोखंडी जाळी टाकता येते, तिच्यावर वेलही चढतो. डास साचलेल्या पाण्यावर होतात, मातीवर नव्हे. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या तरी बराच फरक पडतो.

बेलापूरचं उदाहरण

याहूनही लहान प्लॉटवर हे करून दाखवलेलं आहे, आणि तेही आपल्याच राज्यात. नवी मुंबईत बेलापूरला, ज्याला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, तिथे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात घरांची वसाहत आखली. मूळ गोव्याच्या कुटुंबातले कोरिया (१९३० ते २०१५) आयुष्यभर एक गोष्ट मांडत राहिले: आपल्या हवामानात आभाळाखालची जागा हीसुद्धा एक खोलीच आहे, दिवसाच्या ठरावीक वेळी छताखालच्या खोलीपेक्षा जास्त उपयोगी पडणारी.

बेलापूरला प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. घरं एकमेकांना भिंत जोडून नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला आपापलं घर वाढवता येतं. सात घरांचा एक गट, मध्ये साधारण ८ बाय ८ मीटरचा सामाईक चौक. असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांच्यामध्ये सुमारे १२ बाय १२ मीटरची मोठी जागा. तशा तीनांची मिळून त्याहून मोठी. म्हणजे दारातली तुळस स्वतःच्या अंगणात, पोरांचं खेळणं सात घरांच्या चौकात आणि सण-समारंभ मोठ्या मैदानात. नंतर कित्येक रहिवाशांनी घरं पाडून नवी, उंच बांधली. पण चौक जिवंत राहिले, आणि तिथे मोठी झाडं आहेत.

त्यातून घ्यायचं ते हे: चार भावांनी किंवा चार मित्रांनी शेजारशेजारचे प्लॉट घेतले असतील, तर प्रत्येकाने आपल्या कुंपणाच्या आत पाच-पाच फूट वाया घालवण्यापेक्षा नियमात बसेल तितकी जागा एकमेकांना जोडून ठेवावी. मध्ये भिंतीऐवजी मेंदी किंवा जास्वंदीचं कुंपण असलं तरी वारा मोकळा वाहतो.

कुठलं झाड, कुठे

दक्षिणेला आणि पश्चिमेला पानगळीची झाडं लावा, हिवाळ्यात पानं गळून ऊन येईल, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो युरोप-अमेरिकेसाठी बरोबर आहे. आपल्याकडे पानगळ येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळा तोंडावर असताना. पळस, पांगारा, काटेसावर ऐन चटक्यात निष्पर्ण उभे असतात. दिसायला देखणे, सावलीला शून्य. गुलमोहरही एप्रिलमध्ये बहुधा बोडका असतो. शिवाय त्याची मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ, वादळात घरावर कोसळायची भीती.

पश्चिमेला हवा करंज. त्याची पानं गळतात, पण लगोलग नवी फुटतात आणि एप्रिल-मेमध्ये झाड पोपटी-हिरवं गच्च असतं. कडुनिंबाचंही तसंच. बकुळ सदाहरित, हळू वाढणारी, दाट आणि नेटकी. जागा बेताची असेल तर माझी पसंती तिलाच. आंबा आणि फणस मोठ्या परसासाठी. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नकोत. त्यांची मुळं पाया आणि पाण्याच्या टाक्या शोधत जातात. खाचेतल्या छोट्या अंगणात पारिजातक, कढीपत्ता, लिंबू, अनंत यांतलं काहीही चालेल. पण एकच लावा. लहान जागेत पाच झाडं लावली की दोन वर्षांत उजेड बंद होतो आणि मग सगळ्यांवर कुऱ्हाड चालते.

झाड वाढायला वेळ लागतो. तोवर पश्चिमेच्या भिंतीपासून दीड फूट अंतरावर तारांचा किंवा बांबूचा मांडव उभारा आणि त्यावर मधुमालती, गारवेल किंवा तोंडली चढवा. वेल थेट भिंतीवर चढवू नका. मधल्या पोकळीतून गरम हवा वर निघून जायला हवी. वेलाची पानं ऊन अडवतात आणि बाष्प सोडत भोवतालची हवा थोडी निववतात. भिंत ऊन साठवते, पान साठवत नाही.

आणि कृपा करून सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने मढवू नका. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या पुरतात. बाकी मुरूम, माती, गवत किंवा जमिनीलगतची झाडं राहू द्यावीत. तापलेलं काँक्रीट संध्याकाळी उष्णता खिडकीतून घरात पाठवतं आणि पावसाचं पाणीही मुरू देत नाही. १०० चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०,००० लिटर पाणी होतं. पुण्यातला सरासरी पाऊस साधारण एवढा आहे. ते शोषखड्ड्यात सोडलं तर बोअरला आधार मिळतो. न्हाणीघराचं पाणी परसातल्या केळी-अळू-कर्दळीला सोडायची आपली जुनी रीत तर फुकटची आहे. सांडपाण्याच्या नळीची एक जोडणी वेगळी काढायची, ती मात्र प्लंबिंगच्या वेळीच.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशेब करावा. एक फूट जाडीची ओली माती दर चौरस मीटरला साधारण पाचशे किलो भरते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब सहसा चौरस मीटरला दीडशे किलो वावरभार धरून आखतात. तेव्हा वाफे करायचे असतील तर ते बांधण्याआधीच स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगा. बांधून झालेल्या घरात मोठ्या कुंड्या बीमच्या रेषेवर, कडेने ठेवा आणि माती हलकी करायला कोकोपीट, पालापाचोळा वापरा. बाग नको असेल तर गच्चीला पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक किंवा उष्णतारोधक पांढरा रंग. खालच्या खोलीतला फरक पहिल्याच उन्हाळ्यात जाणवतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं

फ्लॅट घेताना सँपल फ्लॅटचे दिवे बंद करायला सांगा आणि मग फिरा. कुठल्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते ते पाहा. पुढच्या आणि मागच्या खिडकीमधून वारा आरपार जातो का, ते पाहा. मुंबईतली कोरियांचीच कांचनजंगा इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिथे समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि तापतं ऊन नि पावसाची झडही पश्चिमेचीच. त्यांनी खोल्या काठावर न आणता कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. जुन्या बंगल्यांचा व्हरांडाच तो, पण २८ मजल्यांवर. आपल्या साध्या फ्लॅटची बाल्कनी हेच काम छोट्या प्रमाणात करते. ती काचेच्या स्लायडिंगने बंद करून हॉल चार फुटांनी वाढवला की खोली अंधारते आणि तापते, दोन्ही एकदम. बाल्कनी उघडी ठेवा, कठड्याला चीक लावा, कुंड्या ठेवा.

बंगला बांधणार असाल तर एक काम मात्र खोदाईच्या आधीच व्हायला हवं. वरची फूटभर सुपीक माती काढून प्लॉटच्या एका कोपऱ्यात ढीग करून झाकून ठेवा. नाहीतर ती मुरमात आणि राडारोड्यात मिसळून जाते आणि नंतर बागेसाठी ट्रॉलीने माती विकत आणावी लागते. पश्चिमेचं झाडही त्याच पावसाळ्यात, बांधकामाच्या आधी लावावं. घर पूर्ण व्हायला दीड-दोन वर्षं जातात, तेवढी वाढ पदरात पडते. रोपाभोवती पत्र्याचं किंवा बांबूचं पक्कं कुंपण घाला आणि सिमेंट कालवल्याचं, भांडी धुतल्याचं पाणी तिकडे जाणार नाही हे पहिल्याच दिवशी ठेकेदाराला बजावून सांगा. सिमेंटच्या पाण्याने मातीतला क्षार वाढतो आणि रोप जळतं.